सुरुंग, सफरमैना आणि फुलचूरच्या बांध्या

बुद्धिबळाच्या पटावर लपलेलं काहीच नसतं. बत्तीस मोहरे, चौसष्ट घरं, आणि जे मला दिसतं तेच समोरच्यालाही. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी समोरासमोर बसल्या, तेव्हा दोघींच्या डोळ्यांपुढे एकच पट होता. कोण किती पुढचं पाहते, एवढाच काय तो प्रश्न. आता या पटात एक छोटीशी भर घालून पाहा. रिकाम्या दिसणाऱ्या घरांपैकी तीन घरांत सुरुंग पेरलेत, आणि ते कुठे आहेत हे फक्त पेरणाऱ्याला ठाऊक आहे.

एवढ्यानं खेळाचा स्वभावच पालटतो. पटभर सुसाट फिरणारा वजीर पहिल्याच घराशी थबकतो. हत्तीची सरळ धाव आणि उंटाची तिरकी झेप दोन्ही लुळ्या पडतात, कारण सुरुंगावर वजिराचा पाय पडला काय नि प्याद्याचा पडला काय, परिणाम एकच. मग अशा एका मोहऱ्याची गरज भासू लागते, जो लढाईत कुणालाच हरवू शकत नाही, पण सगळ्यांसाठी वाट मोकळी करू शकतो. हा सैन्यातला इंजिनियर, आपल्याकडचा सफरमैना.

या जोडीनं मला कायम भारून टाकलंय. सुरुंग आणि सफरमैना पटावर आले की ताकदीचा हिशेब मागे पडतो आणि वेळ नि माहिती यांचा हिशेब सुरू होतो. अख्खं सैन्य एका सर्वांत दुबळ्या मोहऱ्याच्या मागे रांग लावून उभं राहतं. ही कल्पना कुणा खेळ रचणाऱ्याच्या डोक्यातून निघाली असेल असं वाटतं, पण ती सरळ रणांगणातून उचललेली आहे. त्यातली काही रणांगणं तर मराठी माणसाच्या अगदी जवळची आहेत.

आधी खेळांचं सांगतो. फ्रान्समध्ये १९०८ साली हर्मान्स एदाँ नावाच्या बाईंनी एका पटखेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला. हा खेळ पुढे ‘लाताक’ नावाने गाजला. त्यात दोन्ही बाजूंचे मोहरे समोरच्याकडे पाठ करून उभे असत, त्यामुळे पुढ्यात सेनापती आहे की साधा शिपाई हे भिडल्याशिवाय कळत नसे. त्यात सुरुंग होते आणि सुरुंग निकामी करणारे सफरमैनेही होते. त्याच घराण्यातला ‘स्ट्रॅटेगो’ पुढे नेदरलँडमधून जगभर पसरला. त्यात प्रत्येकाकडे ४० मोहरे असतात. सहा बॉम्ब, जे जागचे हलत नाहीत, आणि पाच मायनर, जे ते बॉम्ब काढू शकतात. बॉम्बवर मार्शल जरी चालून गेला तरी मार्शलच पटावरून उठतो. नवखा खेळाडू या पाच मायनरांना किरकोळ समजून पहिल्या धुमश्चक्रीत खर्चून टाकतो. शेवटी समोरचा झेंडा तीन बॉम्बांच्या आडोशाला दिसत असतो, हाताशी मोठमोठे सरदार असतात, आणि झेंड्यापर्यंत पोचू शकणारा एकही माणूस उरलेला नसतो. मुरलेला खेळाडू मायनर मागे राखून ठेवतो आणि सरदार पुढे काढतो.

चिनी मुलं खेळतात त्या ‘लुझानची’मध्ये तर इंजिनियरला दिलेली मुभा पाहून मी थक्क झालो. तिथे प्रत्येकाकडे २५ मोहरे, त्यांत तीन सुरुंग आणि तीन इंजिनियर. पटावर रेल्वेचे रूळ आखलेले असतात. रुळांवरून बाकीचे मोहरे सरळ रेषेत कितीही लांब जातात, पण वळण आलं की थांबतात. इंजिनियर मात्र वळणंही घेतो. पटाच्या एका टोकाला असलेला इंजिनियर रुळावरून वळत वळत एका चालीत दुसऱ्या टोकाच्या सुरुंगाशी जाऊन पोचतो. आमच्या गोंदिया जंक्शनवर एक मार्ग मुंबई–हावड्याचा, एक बालाघाटवरून जबलपूरकडे जाणारा आणि एक नागभीडवरून बल्लारशाहकडे जाणारा. लुझानचीच्या इंजिनियरला इथे उभं केलं, तर हे सगळे मार्ग त्याच्या एका चालीच्या टप्प्यात येतील. सर्वांत दुबळ्या मोहऱ्याला सर्वांत लवचीक चाल द्यावी, हे ज्याला सुचलं त्याला युद्ध नीट कळलेलं होतं.

लपलेल्या सुरुंगाने खेळ किती अवघड होतो याचा एक पुरावा कॉम्प्युटरने दिला. बुद्धिबळात यंत्राने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं ते १९९७ मध्ये. स्ट्रॅटेगोत तज्ज्ञ माणसांच्या तोडीचा खेळ करणारं यंत्र यायला २०२२ उजाडलं. डीपमाइंड कंपनीच्या ‘डीपनॅश’ने तेव्हा मुरलेल्या खेळाडूंविरुद्ध ८४ टक्के डाव जिंकले. मधली २५ वर्षं का लागली? दोन्ही खेळाडूंनी आपापले मोहरे कसे मांडले असतील, याच्या शक्यता एकावर ६६ शून्यं इतक्या होतात, आणि त्यांतली आपल्या पुढ्यातली कोणती हे यंत्रालाही दिसत नाही. बुद्धिबळात खोल पाहिलं की भागतं. इथे समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधावा लागतो, आणि आपलं मन त्याला कळू न देता चालावं लागतं.

हे सगळं हाताने करून पाहावं म्हणून फुलचूरला आम्ही गल्लीतल्या मुलांबरोबर एक खेळ आखला. फुलचूर गोंदिया शहराला लागूनच. एका अंगाला शहर, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं. मोठ्या पुठ्ठ्यावर आम्ही गावशिवाराचा नकाशा काढला: बांध्या, त्यांच्यामधले धुरे (बांध), एक बोडी (लहान तळं), तिची पार (काठाचा मातीचा बांध), एक डांबरी रस्ता. सोड्याच्या बाटल्यांची बुचं गोळा केली. वरून सगळी सारखी. तीन बुचांच्या आत लाल खूण, बाकीची कोरी. रस्त्याच्या एका पट्ट्यात बारा घरं, बारा घरांवर बारा बुचं, पालथी. रस्ता पार करायला कुठूनही गेलं तरी चार घरं ओलांडावी लागतात.

मुलांना वाटलं, बारांत तीन म्हणजे काही फार नाही. मग हिशेब मांडला. पहिलं घर सुरक्षित असण्याची शक्यता बारांत नऊ. ते पार झालं तर पुढचं अकरांत आठ, मग दहांत सात, मग नवांत सहा. चारही गुणली की उत्तर येतं सुमारे एक चतुर्थांश. म्हणजे अंदाधुंद धावणारी तुकडी शंभरांत पंचवीस वेळाच पलीकडे पोचणार. बारांत तीन सुरुंगांनी रस्ता तीन चतुर्थांश बंद केला. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की उरलेली नऊ बुचं आतून कोरीच आहेत, तरी तीही पहारा देताहेत. समोरच्याला ती उचलून पाहिल्याशिवाय कोरी आहेत हे कळत नाही. पेरणाऱ्याने तीन सुरुंगांची किंमत मोजली आणि बारा घरांची राखण मिळवली.

मग सफरमैना आणला. त्याचा नियम साधा: बाकीचे शिपाई एका चालीत दोन घरं चालतात, सफरमैना एकच, पण पाऊल टाकण्याआधी त्याला समोरचं बूच उचलून पाहता येतं आणि लाल निघालं तर बाजूला ठेवता येतं. आता जिवाची भीती गेली. तुकडी सफरमैन्याच्या मागोमाग शंभरांत शंभर वेळा पार होते. पण दोन चालींचं काम चार चालींवर गेलं. सुरुंगाने आधी माणसं खाल्ली असती, आता तो वेळ खातो. आणि या जास्तीच्या दोन चालींत रस्त्यावर नेम धरून बसलेली शत्रूची तोफ काय करते? ती सफरमैन्यावर मारा करते. जगभरच्या सैन्यांत एक गोष्ट शिकवली जाते: ज्या सुरुंगपट्ट्यावर कुणाची नजर नाही आणि बंदूक रोखलेली नाही, तो अडथळाच नव्हे. आम्हीही तोफ काढून पाहिली. सफरमैना निवांत एकेक बूच उचलत गेला आणि खेळातला जीव गेला. तोफ परत ठेवली, आणि मुलं श्वास रोखून प्रत्येक बुचाकडे पाहू लागली.

याच वेळी एका मुलीनं विचारलं, “काका, हे दिवस कोणते धरायचे? रोवणीचे की उन्हाळ्याचे?” या प्रश्नाने आमचा खेळ एकदम फुलचूरचा झाला. रोवणीच्या दिवसांत बांध्या पाण्यानं भरलेल्या, चिखलणी झालेली, पायी जाणारा माणूससुद्धा धुऱ्यावरूनच जातो. बैलगाडी, ट्रॅक्टर, रणगाडा, काहीही असो, त्याला डांबरी रस्ता किंवा बोडीची पार याशिवाय वाट नाही. तेव्हा रस्त्यावरचे तीन सुरुंग अख्खं शिवार अडवतात. धान कापून झालं, जमीन वाळून टणक झाली, उन्हाळी धान लावलेलं नसलं, की तेच तीन सुरुंग कवडीमोल, कारण गाडी बांध्यांमधून कुठूनही धुरे ओलांडत निघून जाते. सुरुंग तोच, जागा तीच, आणि किंमत ठरवतो महिना. बोडीची पार फोडून बांध्यांत पाणी सोडायचं कामही सफरमैनाच करणार. म्हणजे तो वाट मोकळी करतो तसा उन्हाळ्यात पावसाळा आणून वाट बंदही करतो. पुस्तकी खेळांत डोंगर, नदी, जंगल असे कायमचे ठसे असतात. धानपट्ट्यातली जमीन मात्र वर्षातून दोन वेगवेगळी रणांगणं होते. धान पिकवणाऱ्या प्रदेशासाठी खेळ रचणाऱ्या प्रत्येकाने हा नियम आपल्या खेळात घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आता खऱ्या रस्त्याकडे येतो. वर्ष १९४८, एप्रिल महिना, काश्मीरवरून चाललेलं भारत–पाकिस्तान युद्ध, जम्मूतला नौशेरा ते राजौरी हा रस्ता. एका बाजूला डोंगर, त्यामुळे बांधीतून निघून जाण्याची सोय नाही. राजौरी गाठायची तर रणगाडे हवेत, रणगाड्यांना रस्ता हवा, आणि रस्त्यावर सुरुंग, कापून पाडलेली चिडाची झाडं, उडवलेले मोऱ्यांचे पूल. पुढे होता ३७ असॉल्ट फील्ड कंपनीतला एक सेकंड लेफ्टनंट, राम राघोबा राणे. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळच्या चेंडिये गावचा. १९४० मध्ये तो पुण्याजवळ खडकीला मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्समध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढला आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाला.

८ एप्रिलला बारवाली टेकडीच्या पायथ्याशी काम सुरू व्हायच्या आतच उखळी तोफांचा मारा झाला. त्याच्या तुकडीतले दोघे जागीच ठार, पाच जखमी, त्यांत राणे स्वतः. खेळात इथे सफरमैना पटावरून उठला असता. राणेने उरलेल्यांची पुन्हा जुळवाजुळव केली आणि काम सुरू केलं. दुपारी साडेचारच्या सुमारास टेकडी हाती आली, तरी तो रात्री दहापर्यंत शत्रूच्या नजरेसमोर रणगाड्यांसाठी वळणरस्ता करत राहिला. ९ तारखेला पहाटे सहापासून दुपारी तीनपर्यंत तेच. मग रणगाडे निघाले, आणि तो सर्वांत पुढच्या गाडीत बसला. अर्धा मैल गेल्यावर झाडं आडवी, ती सुरुंग लावून उडवली. आणखी तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं. मग उडवलेली मोरी, वर मशीनगनचा मारा. संध्याकाळी सव्वासहाला, उजेड सरत असताना, पाच मोठी चिडाची झाडं, त्यांच्या भोवती सुरुंग आणि त्यांच्यावर रोखलेली मशीनगन. नजर आणि बंदूक असलेला अडथळा तो हाच. १० तारखेला पहाटे पावणेपाचला त्यानं तिथूनच पुढे सुरुवात केली आणि साडेसहापर्यंत तो अडथळा साफ केला. पुढचे हजार यार्ड म्हणजे एकामागोमाग एक अडथळे. साडेदहाला तेही मोकळे.

त्यानंतर जे घडलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि पात्रातून दुपारी दोनला चिंगसला पोचले. म्हणजे राणेचं काम झालं? नाही. रणगाडे नदीच्या गोट्यांतून जातील, पण त्यांच्या मागचं इंधन, दारूगोळा आणि अन्न घेऊन येणाऱ्या गाड्यांना रस्ताच लागणार होता. म्हणून तो अन्नपाण्यावाचून, विश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत त्याच रस्त्याचे सुरुंग काढत राहिला, दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा लागला, आणि अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला. त्या दिवशीही रात्री दहापर्यंत तो पुढचा रस्ता साफ करत होता. १२ एप्रिलला राजौरी भारतीय सैन्याच्या ताब्यात आली. एका टप्प्यावर राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत गेला आणि डावीकडे घे, उजवीकडे घे असे इशारे आतल्या चालकाला दोरीने देत राहिला, असं सांगतात. परमवीरचक्र जिवंतपणी मिळालेला तो पहिला माणूस. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाला आणि १९९४ मध्ये पुण्यात वारला.

लढवय्यांची वाट आणि रसदीची वाट वेगळी असते, हा नियम बहुतेक खेळांत नसतो. आम्ही तो घातला. तुकडी धुऱ्यावरून पलीकडे गेली तरी तिची शिदोरी रस्त्यावरूनच येणार, आणि रस्ता साफ नसेल तर तीन चालींनंतर तुकडी उपाशी. लगेच मुलांनी सफरमैना पुढच्या चढाईला न धाडता मागेच कामाला ठेवायला सुरुवात केली.

याच बॉम्बे सॅपर्समधला दुसरा एक सेकंड लेफ्टनंट, प्रेमिंद्रसिंग भगत. १९४१ च्या जानेवारी–फेब्रुवारीत, इटालियन सैन्य ॲबिसिनियात माघार घेत असताना, त्यानं चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवर पंधरा सुरुंगपट्टे शोधून साफ करवून घेतले. तो बसलेली गाडी सुरुंगावर उडाली, एकदा नव्हे, दोनदा. बरोबरची माणसं मेली. तरी त्यानं बदली माणूस नाकारला, आणि त्याचं कारण साधं होतं: या सुरुंगांची तऱ्हा आता मला कळली आहे, म्हणून मीच पुढे गेलेलं बरं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे वाचल्यावर आमच्या खेळात आणखी एक नियम आला. ज्या सफरमैन्याने दोन लाल बुचं उचलली, त्याला पुढचं बूच उचलायला अर्धीच चाल लागते. अनुभवाने तो झपाट्याचा होतो, आणि तो गेला की त्याच्याबरोबर त्याचं ज्ञानही जातं. एवढ्यानंच मुलं त्याच्यासाठी ढाली पुढे करू लागली.

मोठ्या प्रमाणावर हे कसं दिसतं ते इजिप्तच्या अल अलामीनला ऑक्टोबर १९४२ मध्ये दिसलं. जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याने वाळूत साधारण पाच लाख सुरुंग पेरले होते. त्यातले बहुतेक रणगाड्यांसाठीचे, पायी माणसाच्या वजनाने न उडणारे. म्हणून चालून जाणाऱ्या ब्रिटिश सैन्याचं पायदळ आधी चालत गेलं, आणि त्यांच्या मागोमाग सफरमैने रणगाड्यांसाठी २४ फूट रुंदीच्या पट्ट्या मोकळ्या करत गेले. २४ फूट म्हणजे एकामागे एक जेमतेम एक रणगाडा. एवढं अवाढव्य सैन्य, आणि त्याचा वेग ठरवत होता जमिनीवर वाकलेला माणूस. पोलंडच्या योझेफ कोसात्स्कीने बनवलेलं, धातू ओळखणारं नवं यंत्र त्यातल्या काहींच्या हाती होतं. बाकीच्यांनी संगिनीच्या टोकानं वाळू टोचत वाट काढली.

वाट पाहायची की निघायचं, हा प्रश्न १५–१६ डिसेंबर १९७१ च्या रात्री बसंतर नदीच्या काठी १७ पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटपुढे उभा राहिला. नदीपलीकडे आपलं पायदळ पोचलेलं, समोर पाकिस्तानी रणगाड्यांची हालचाल, आणि मध्ये सुरुंगपट्टा, जो इंजिनियरांनी अर्धाच साफ केलेला. रेजिमेंटनं अर्ध्याच साफ झालेल्या वाटेवर रणगाडे घातले आणि ती पलीकडे गेली. पुण्यात जन्मलेला एकवीस वर्षांचा अरुण खेत्रपाल दुसऱ्या दिवशी तिथेच लढताना पडला. त्याला परमवीरचक्र मिळालं. खेळातला सर्वांत चांगला निर्णय तोच असतो, जिथे दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात आणि दोन्हींची किंमत भारी असते. आमच्या पुठ्ठ्यावर अर्ध्या वाटेत निघायची मुभा आहे, आणि मुलं त्यावर सर्वांत जास्त वेळ भांडतात.

सुरुंग आपल्याच माणसांवर उलटतो हे मराठी मुलुखाला फार आधीपासून माहीत आहे. तेव्हाचा सुरुंग म्हणजे तटाखाली खणलेलं भुयार आणि त्यात ठासलेली दारू. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईच्या तटाखाली असे सुरुंग लावले आणि मे महिन्यात किल्ला घेतला. पण साताऱ्याची गोष्ट वेगळीच. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या वेढ्यावर आला. आत किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी महिनोन्‌महिने अजिंक्यताऱ्याच्या कड्याखाली खणून १७०० च्या एप्रिलमध्ये सुरुंगांना बत्ती दिली. पहिल्या स्फोटात तट आतल्या बाजूला ढासळला आणि खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले. त्यांना उकरून जिवंत बाहेर काढलं. दुसरा सुरुंग उडाला तेव्हा बुरूज बाहेरच्या बाजूला कोसळला, आणि हल्ल्यासाठी खाली गोळा झालेल्या मोगल सैन्यातली सुमारे दोन हजार माणसं त्याखाली गेली. पुढच्या काही दिवसांत, राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतरच्या त्या कठीण काळात, किल्ला तहाने मोगलांकडे गेला. पण त्या दिवशी भुयार खणणाऱ्यांच्या मेहनतीने त्यांचंच सैन्य गिळलं. दगड कोणत्या बाजूला पडेल हे कळणं हीसुद्धा सफरमैन्याचीच विद्या. म्हणून आमच्या खेळात मोठा सुरुंग उडाला की एक नाणं उडवतात, आणि तट आत पडतो की बाहेर हे ते नाणं ठरवतं.

हे सगळं पुठ्ठ्यावर मांडताना आमच्या भागातलं कुणी निर्धास्त नसतं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक असे सोळा जण गेले. त्याआधी दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली होती, आणि हे जवान तिकडेच निघाले होते. रस्ता बांधणारी यंत्रं, ती जाळल्याची बातमी, त्या बातमीने निघालेली गाडी, आणि वाटेतला सुरुंग. मुलांना हे सांगायचं की नाही यावर आम्ही घरात बोललो आणि सांगितलं. ज्या जिल्ह्यांत रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी बॉम्बशोधक पथक पुढे जातं, तिथल्या मुलांना सफरमैना म्हणजे काय हे नीट कळायला हवं.

लढाई संपते आणि सुरुंग जमिनीत राहतो. पायाखालच्या सुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार १९९७ मध्ये झाला आणि १ मार्च १९९९ पासून लागू झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही. मात्र भारताला बांधील असलेला दुसरा एक आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, की पायाखालच्या प्रत्येक सुरुंगात निदान ८ ग्रॅम लोखंडाइतका धातू असला पाहिजे, म्हणजे शोधयंत्राला तो सापडेल, आणि कुठे काय पेरलं याची नोंद ठेवली पाहिजे. आठ ग्रॅम म्हणजे रुपयाच्या दोन-तीन नाण्यांएवढं वजन. पुढे कधीतरी येणाऱ्या सफरमैन्यासाठी हे वजन आजच पेरून ठेवायचं आहे.

आम्ही यातला नोंदीचा नियम खेळात घेतला. डाव सुरू होताना पेरणाऱ्याने लाल बुचं कोणत्या घरांत ठेवली ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालायचं. झेंडा पडला तरी डाव संपत नाही. जिंकणाऱ्याने पाकीट उघडून उरलेला प्रत्येक सुरुंग सफरमैन्याकरवी काढायचा, आणि प्रत्येकाला एक चाल, प्रत्येक चालीला एक गुण वजा. नियम आल्यापासून मुलांचा खेळ बदलला. मुलं आता तीनपैकी दोनच सुरुंग पेरतात, एखादं धाडसी पोर एकच, आणि उरलेली लाल बुचं खिशात ठेवून समोरच्याला तीनही जमिनीत असल्याचं भासवतं. समोरचा सफरमैना बारा घरांसाठी तितक्याच चाली घालवतो.